प्रकल्प नोंदी: उबुंटू २२.०४ वरचं रिमोट डेस्कटॉप, काळ्या पडद्यापासून मराठी टायपिंगपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

यंत्र उबुंटू २२.०४ डेस्कटॉप (लिनक्स), ग्नोम ४२ (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप), रॅम १६ जीबी. उबुंटूच्या पॅकेज भांडारातून (एपीटी) बसवलेलं एक्सआरडीपी ०.९.१७, म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप विंडोजच्या आरडीपी पद्धतीने दूरून वापरू देणारी सेवा, आणि सोबत तिला पडदा पुरवणारं एक्सऑर्गएक्सआरडीपी. स्कॅन केलेल्या मराठी पानांवर टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) चालवायचं आणि निघालेला मजकूर लिबरऑफिसमध्ये तपासायचा, हे यंत्राचं काम. तपासणारे घरून, विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनने येतात. कमांड आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमनमध्येच टाइप करायची.

तक्रारी एकत्र केल्या. कधी जोडणीच होत नाही. कधी बरोबर पासवर्ड चुकीचा ठरतो. कधी लॉगिन होऊन काळा पडदा येतो आणि खिडकी मिटते. ज्यांना डेस्कटॉप मिळतो, त्यांना आधी रंग-व्यवस्थापनासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो, आणि नंतर मराठी टाइप होत नाही.

ही एकाच बिघाडाची वेगवेगळी रूपं नाहीत, म्हणून जोडणी ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने तपासायचं ठरवलं: पोर्ट (जोडणी ज्या क्रमांकावर येते तो), मग टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन), मग सेसमन (एक्सआरडीपीचा लॉगिन आणि सेशनं सांभाळणारा भाग), मग एक्सऑर्ग (पडदा काढणारा एक्स सर्व्हर), शेवटी विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा डेस्कटॉपचा भाग). वापरणाऱ्याला काय दिसलं यावरूनच टप्पा बराचसा कळतो. खिडकीच उघडली नाही तर पोर्ट किंवा फायरवॉल. एक्सआरडीपीची लॉगिन चौकट यायच्या आत जोडणी तुटली तर टीएलएस. चौकटीत लॉगिन फेल्ड आलं तर सेसमन आणि पॅम (लिनक्सची पासवर्ड तपासणारी यंत्रणा). लॉगिन सक्सेसफुल फॉर डिस्प्ले १० असं येऊन मग काळं झालं, तर एक्सआरडीपीने आपलं काम केलेलं आहे आणि दोष डेस्कटॉप सुरू होण्यात आहे. काळा पडदा दिसला की लोक एक्सआरडीपी काढून पुन्हा बसवतात. त्याने काहीही बदलत नाही, कारण बिघडलेला भाग त्या पॅकेजमध्ये नसतोच.

लॉग चार ठिकाणी पाहायचे: /व्हार/लॉग/एक्सआरडीपी.लॉग, त्याच फोल्डरमधला एक्सआरडीपी-सेसमन.लॉग, वापरकर्त्याच्या होममधला .एक्सऑर्गएक्सआरडीपी.१०.लॉग (शेवटचा आकडा डिस्प्लेचा) आणि .एक्ससेशन-एरर्स.

पहिला टप्पा, पोर्ट:

सुडो एसएस -टीएलएनपी

आरडीपीच्या ठरलेल्या ३३८९ पोर्टवर एक्सआरडीपी नव्हतंच. तिथे ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप-डेमन (डेमन म्हणजे पडद्यामागे चालणारी सेवा) बसलेला. यादीत प्रोसेसच्या नावाची पहिली १५ अक्षरंच दिसतात, त्यामुळे नाव अर्धवट वाटतं. सुडो नसेल तर नावाचा रकानाच रिकामा येतो.

उबुंटू २२.०४ च्या सेटिंग्जमध्ये शेअरिंगखाली रिमोट डेस्कटॉप नावाचं बटण आहे. ते आरडीपीच वापरतं आणि तेच ३३८९ पोर्ट मागतं. एक्सआरडीपी बूटच्या वेळी उठतं, ग्नोमचा डेमन कोणी समोर बसून लॉगिन केल्यावर. म्हणून रोज बहुधा एक्सआरडीपीलाच पोर्ट मिळतं. पण मध्येच कोणी एक्सआरडीपी थांबवलं आणि तेवढ्यात ग्नोमच्या डेमनने पोर्ट धरलं, की एक्सआरडीपी पुन्हा उठू शकत नाही. पासवर्ड नाकारला जाण्याचं गूढही इथेच सुटलं: ग्नोमच्या शेअरिंगला स्वतःचं वेगळं नाव आणि पासवर्ड असतो, लिनक्स खात्याचा पासवर्ड तिथे चालत नाही. शिवाय ते नवं सेशन देत नाही, समोरच्या मॉनिटरवरचाच पडदा दाखवतं. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचं तर उपयोगाचं नाही.

बटण बंद केलं. पुन्हा कोणी चालू करू नये म्हणून सर्व वापरकर्त्यांसाठी मास्क, म्हणजे सेवा सुरूच होऊ न देणं:

सुडो सिस्टमसीटीएल --ग्लोबल मास्क ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप.सर्व्हिस

याने /ईटीसी/सिस्टमडी/यूजर मध्ये /डेव्ह/नल कडे जाणारा दुवा तयार होतो. चालू असलेला डेमन मात्र त्या वापरकर्त्याच्या लॉगआउटनंतरच सुटतो. मग एक्सआरडीपी सुरू केलं, एसएसने खात्री केली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टीएलएस. एक्सआरडीपी.लॉगमध्ये प्रत्येक जोडणीला एकच ओळ: /ईटीसी/एक्सआरडीपी/की.पेम वाचता येत नाही, परमिशन डिनाइड.

की.पेम ही खरी फाइल नाही, /ईटीसी/एसएसएल/प्रायव्हेट मधल्या स्नेकऑइल (यंत्राने स्वतःच बनवलेल्या) किल्लीचा दुवा आहे. तो फोल्डर रूट आणि एसएसएल-सर्ट गटापुरता उघडा. एक्सआरडीपी सेवा चालते एक्सआरडीपी नावाच्या साध्या वापरकर्त्याखाली. त्याला गटात घेतलं:

सुडो अ‍ॅडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी

गटाचा बदल आधीच चालू असलेल्या प्रोसेसला लागत नाही, म्हणून रीस्टार्ट हवाच. किल्ली वाचता आली नाही तर एक्सआरडीपी गप्प बसत नाही, जुन्या आरडीपी एन्क्रिप्शनवर उतरतं. ढिल्या सेटिंगचा क्लायंट ते स्वीकारतो, कडक सेटिंगचा नाकारतो. एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, ते यामुळे. किल्लीची परवानगी ६४४ करून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो पाळू नये. खासगी किल्ली यंत्रावरच्या प्रत्येकाला वाचता आली तर टीएलएसला अर्थ राहत नाही.

हे यंत्र दुसऱ्या यंत्राच्या डिस्कची प्रत काढून तयार झालेलं आहे, म्हणजे दोन्हीकडे एकच किल्ली. मेक-एसएसएल-सर्ट जनरेट-डिफॉल्ट-स्नेकऑइल --फोर्स-ओव्हरराइट चालवून नवी काढली. विंडोज आता प्रमाणपत्राचा इशारा एकदा देईल. तो अपेक्षित आहे, कारण प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं आहे.

एक्सआरडीपीत एनएलए (जोडणी पूर्ण होण्याआधीच पासवर्ड तपासणं) नाही. विंडोज मात्र आधीच स्वतःच्या चौकटीत पासवर्ड मागतं आणि लोक गोंधळतात. क्लायंटला दिलेल्या .आरडीपी फाइलमध्ये एनेबलक्रेडएसएसपीसपोर्ट:आय:० ही ओळ घातली. आता थेट एक्सआरडीपीचीच चौकट येते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काळा पडदा. यंत्र रीबूट केल्यावर समोर डेस्कटॉप आपोआप उघडलेला होता. /ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ मध्ये ऑटोमॅटिक लॉगिन चालू, आणि सगळे जण दूरूनही त्याच खात्याने येतात.

समोरचं सेशन लॉगआउट करून दूरून लॉगिन केलं: ग्नोम नीट उघडलं. समोर पुन्हा लॉगिन करून दूरून: काळा पडदा, काही क्षणांत बंद. सेसमनच्या लॉगमध्ये विंडो मॅनेजर एक्झिटेड क्विकली, विंडो मॅनेजरच्या मांडणीत दोष असू शकतो, अशी ओळ. दर वेळी तेच.

कारण सिस्टमडीच्या (उबुंटूवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेत आहे. एका वापरकर्त्याची सेशनं कितीही असोत, त्याच्यासाठी यूजर मॅनेजर एकच चालतो आणि सेशन बसही (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो डी-बसचा मार्ग) एकच: /रन/यूजर/१०००/बस. ग्नोमने ३.३४ पासून, म्हणजे २०१९ पासून, आपलं सगळं सेशन याच यूजर मॅनेजरच्या सेवांवर उभं केलं. ग्नोम शेल ही त्यातली एक सेवा, आणि ती एका वापरकर्त्यासाठी एकदाच चालते. दुसरं ग्नोम त्याच बसवर आलं की त्याला दिसतं, जागा भरलेली आहे. ते बाहेर पडतं, एक्सऑर्गवर काढायला काहीच उरत नाही, आणि सेसमन सेशन आवरतो. दिसणारा काळा पडदा म्हणजे नीट चालणारा, पण रिकामा एक्स सर्व्हर.

लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स ही कमांड यापुढे प्रत्येक काळ्या पडद्याच्या तक्रारीत पहिली चालवायची. एकच नाव दोनदा दिसलं, एकदा सीट० वर (म्हणजे समोरच्या मॉनिटरवर) आणि एकदा सीटशिवाय, तर पुढे शोधायची गरज नाही.

एका खात्याचं कारण मात्र वेगळं निघालं. समोर लॉगिन नसतानाही काळं. होममध्ये .एक्सऑथॉरिटी फाइलचा मालक रूट. कधीतरी सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवला की असं होतं; मग वापरकर्त्याला स्वतःच्याच फाइलीत डिस्प्लेची कुकी लिहिता येत नाही. मालकी परत दिली, सुटलं. डिस्क किंवा कोटा भरला असेल तरी हेच लक्षण येतं, म्हणून डीएफ -एच पाहून घ्यावं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काळ्या पडद्यावरचा सर्वांत प्रसिद्ध इलाज चाचणी म्हणून लावून पाहिला. /ईटीसी/एक्सआरडीपी/स्टार्टडब्ल्यूएम.एसएच मध्ये एक्ससेशनच्या ओळीआधी या दोन ओळी:

अनसेट डीबस_सेशन_बस_अ‍ॅड्रेस
अनसेट एक्सडीजी_रनटाइम_डिर

पडदा आला. समोरचं सेशन चालू असतानाही आला. पण फायरफॉक्स उघडेना. टर्मिनलमधून चालवल्यावर कारण दिसलं: इज नॉट अ स्नॅप सीग्रुप.

हे का होतं ते नीट लिहून ठेवणं गरजेचं आहे, कारण हा इलाज डोळे झाकून चिकटवला जातो. उबुंटूवर डेस्कटॉप सुरू होताना /ईटीसी/एक्स११/एक्ससेशन.डी मधल्या छोट्या स्क्रिप्ट क्रमाने चालतात. २० क्रमांकाची डी-बसची स्क्रिप्ट पाहते, बसचा पत्ता रिकामा आहे आणि रनटाइम फोल्डरमध्ये बस नावाचं सॉकेट आहे का. असेल तर तोच पत्ता भरते. म्हणूनच फक्त पत्ता पुसून भागत नाही, तो लगेच परत येतो. रनटाइम फोल्डरही पुसावा लागतो. दोन्ही पुसले की ७५ क्रमांकाची स्क्रिप्ट डीबस-लाँच करून नवी, सुटी बस काढते. त्यासाठी डीबस-एक्स११ पॅकेज हवं. ते नसेल तर बसच नाही आणि पुन्हा काळा पडदा.

सुट्या बसवर डेस्कटॉप दिसतो, पण तो यूजर मॅनेजरपासून तुटलेला असतो. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त चालणारं पॅकेज) म्हणून येतो, आणि स्नॅप सुरू होताना यूजर मॅनेजरला बसवरून सांगून स्वतःचा सीग्रुप (प्रोसेसचा वेगळा गट) मागतो. बस चुकीची, म्हणून सीग्रुप नाही, म्हणून फायरफॉक्स नाही. सिस्टमसीटीएल --यूजर त्या सेशनमध्ये चालत नाही, आवाजाचं सॉकेटही सापडत नाही. एक लक्षण झाकलं आणि तीन नवी उघडली.

दोन्ही ओळी काढल्या. खरा प्रश्न एका खात्याचं एकाच वेळी दोन ठिकाणी लॉगिन हा आहे, आणि तो स्टार्टडब्ल्यूएममध्ये सुटणार नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

रचना बदलली.

ऑटोमॅटिक लॉगिन बंद. प्रत्येक तपासणाऱ्याला स्वतःचं खातं. समोरचं सामाईक खातं दूरून वापरायचं नाही. ते नियमावर न सोडता सेसमन.इनीमध्येच बांधलं: टर्मिनलसर्व्हरयूजर्स=टीएसयूजर्स आणि ऑलवेजग्रुपचेक=ट्रू. दुसरी ओळ महत्त्वाची, कारण ती फॉल्स असताना टीएसयूजर्स गट यंत्रावर नसेल तर सगळ्यांनाच प्रवेश मिळतो. गट तयार करून फक्त तपासणाऱ्यांना त्यात घातलं. अलाउरूटलॉगिन ०.९ मध्ये मुळात ट्रू येतं; फॉल्स केलं.

दूरच्या खात्यांसाठी ग्नोमऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या एक्सऑर्गवर ग्नोम शेल सगळी रेखाटणी प्रोसेसरकडून करून घेतं. चार जण एकत्र आले की टेसरॅक्टला प्रोसेसर उरत नाही. एक्सएफसीई४ आणि एक्सएफसीई४-टर्मिनल ही दोनच पॅकेजं --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावून घेतली. झुबुंटू-डेस्कटॉप घेतलं तर जीडीएम३ की लाइटडीएम असा प्रश्न येतो आणि समोरचं लॉगिनही बदलून बसतं.

प्रत्येक खात्याच्या होममध्ये .एक्ससेशन फाइल, आत एकच ओळ: एक्सएफसीई४-सेशन. फाइल एक्झिक्युटेबल नसली तरी चालते, उबुंटूचं एक्ससेशन ती एसएचने चालवतं. पुढच्या खात्यांसाठी तीच /ईटीसी/स्केल मध्ये ठेवली. स्टार्टडब्ल्यूएम.एसएच मध्ये थेट स्टार्टएक्सएफसीई४ लिहिण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती टाळली, कारण मग एक्ससेशन.डी मधल्या सगळ्या स्क्रिप्ट वगळल्या जातात: डी-बसची, आणि मराठी टायपिंगसाठी लागणारी इनपुट मेथडचीही.

खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता बंद (एक्सएफकॉन्फ-क्वेरी वापरून /जनरल/यूज_कंपोझिटिंग फॉल्स). लाइट-लॉकर यंत्रावर असेल तर काढायचा. तो लाइटडीएमवर अवलंबून आहे आणि आरडीपी सेशनमध्ये काही वेळाने पडदा काळा करून ठेवतो. ही तक्रार काळा पडदा म्हणूनच येते, पण लॉगिनच्या वेळी न येता चहा घेऊन परत आल्यावर.

खाती वेगळी झाल्याने फाइली वाटायची सोय हवी. उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याचा होम फोल्डर ७५० असतो, एकमेकांच्या घरात डोकावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. /एसआरव्ही/पाने हा सामाईक फोल्डर केला, परवानगी २७७०, वर सेटएफएसीएलने गटासाठी डिफॉल्ट नियम. डिफॉल्ट नियम नसेल तर एकाने साठवलेली फाइल दुसऱ्याला बदलता येईलच असं नाही.

चाचणी: समोर ग्नोम चालू, दूरून दोन खाती एक्सएफसीईवर. तिन्ही चालतात. फायरफॉक्स उघडतो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रंग-व्यवस्थापनाचा पासवर्ड. कलरडी सेवा प्रत्येक नव्या पडद्याची नोंद करते. समोर बसलेल्याला पोलकिट (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी सेवा) ती परवानगी न विचारता देतो. दूरचं सेशन त्याच्या लेखी समोरचं नाही, म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. सामान्य वापरकर्त्याकडे तो नसतो. चौकट रद्द केली तरी काम चालतं, पण रोज रद्द का करावी?

२२.०४ मध्ये पोलकिट ०.१०५ आहे, त्याचे नियम .पीकेएलए फाइलीत जातात. /ईटीसी/पोलकिट-१/लोकलअथॉरिटी/५०-लोकल.डी मध्ये ४५-अलाउ-कलरडी.पीकेएलए: सर्व वापरकर्ते, कलर-मॅनेजरच्या क्रिएट, मॉडिफाय, डिलीट या कृती, रिझल्टएनी=नो, रिझल्टइनॅक्टिव्ह=नो, रिझल्टअ‍ॅक्टिव्ह=येस. नो म्हणजे विचारायचंही नाही, मुकाट्याने नाकारायचं. दूरच्या पडद्याला रंगाचं प्रोफाइल लागत नाही, तेव्हा येस देण्याचं कारण नाही. पॅकेजकिटच्या (पॅकेजं सांभाळणाऱ्या सेवेच्या) सिस्टम-सोर्सेस-रिफ्रेशसाठी अशीच दुसरी फाइल.

यंत्र बंद करण्यासाठी दूरून पासवर्ड मागितला जातो, तो तसाच राहू दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मराठी टायपिंग. या यंत्राचं काम मराठी मजकुराचं आहे, त्यामुळे हे जमलं नाही तर बाकी सगळं निरर्थक.

तपासणाऱ्यांनी विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड निवडून टाइप करून पाहिलं होतं. रिमोटमध्ये रोमन अक्षरं उमटली. हे बिघाड नाही. विंडोजचा क्लायंट अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. जोडणीच्या वेळी तो आपल्या कीबोर्ड लेआउटचा कोडही सांगतो, आणि एक्सआरडीपी /ईटीसी/एक्सआरडीपी मध्ये त्या कोडची केएम- ने सुरू होणारी फाइल शोधतं. विंडोजमधल्या मराठीचा कोड ०००००४४ई. त्याची फाइल नाही, म्हणून ०००००४०९, म्हणजे अमेरिकन इंग्रजी, लागू होतं. देवनागरी त्यामुळे लिनक्सच्या बाजूलाच घडवावी लागते. विंडोजकडे इंग्रजी ठेवायचं, रिमोटमध्ये आयबस (लिनक्सवर वेगवेगळ्या लिपी टाइप करायची सोय). ज्यांच्या विंडोजवर ब्रिटिश लेआउट आहे, त्यांनाही अमेरिकन करायला सांगितलं: ब्रिटिशमध्ये अ‍ॅट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अदलाबदल असतात, आणि पासवर्डमध्ये ते टिंबांआड दिसत नाही.

पॅकेजं: आयबस, आयबस-एम१७एन, आयबस-जीटीके३, फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी. शेवटचं मुद्दाम, कारण मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत. हिंदी वळणाचा ल दिवसभर वाचत तपासणं डोळ्यांना खुपतं. मग प्रत्येक खात्यात आयएम-कॉन्फिग -एन आयबस. यामुळे पुढच्या लॉगिनला एक्ससेशन.डी मधली ७० क्रमांकाची स्क्रिप्ट जीटीके, क्यूटी आणि एक्स या तिघांसाठीची चलं भरते आणि आयबस सुरू करते. सोमवारी स्टार्टडब्ल्यूएमला हात लावला नाही, त्याचा फायदा इथे झाला.

आयबसच्या पसंतीत मराठीखाली इनस्क्रिप्ट२ (भारतीय लिपींची प्रमाण कळरचना) घेतलं. ज्यांना रोमन उच्चाराने टाइप करायची सवय आहे त्यांना फोनेटिक किंवा आयट्रान्स.

लेआउट बदलायची कळ नडली. आयबसची मूळची कळ सुपर (म्हणजे विंडोजची कळ) आणि स्पेस. रिमोट खिडकी पूर्ण पडद्यावर नसेल तर विंडोजची कळ विंडोजच खातं, आणि तिथे त्याच जोडीने विंडोजचा कीबोर्ड बदलतो. वापरणाऱ्याला वाटतं मराठी सुरू झालं. झालेलं असतं ते भलत्याच बाजूला. आयबसची कळ कंट्रोल आणि स्पेस केली. लिबरऑफिस कॅल्कमध्ये याच जोडीने पूर्ण स्तंभ निवडला जातो, ती सोय गेली. तपासणीच्या कामात ती लागत नाही.

चाचणीचे शब्द मुद्दाम अवघड निवडले: दुसऱ्या, वाऱ्यावर, बाळ, ऑगस्ट, ज्ञानेश्वर, श्री. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट-जे वर आणि ळ शिफ्ट-एन वर आहे. शिफ्ट दूरवर नीट पोचत नसेल तर हेच दोन आधी बिघडतात. सगळे नीट उमटले. विंडोजमधून मराठी मजकूर कॉपी करून लिबरऑफिसमध्ये पेस्टही होतो. ते काम एक्सआरडीपी-चॅनसर्व्ह करतं. कॉपी-पेस्ट अचानक थांबलं तर होममधल्या .लोकल/शेअर/एक्सआरडीपी मधला त्याचा लॉग पाहायचा.

चॅनसर्व्हची दुसरी खूण: प्रत्येकाच्या होममध्ये थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज नावाचा फोल्डर. क्लायंटच्या डिस्क तिथे फ्यूजने (साध्या वापरकर्त्याला डिस्क जोडू देणारी सोय) जोडल्या जातात, आणि फ्यूजचं जोडकाम रूटलाही वाचता येत नाही. रात्री बॅकअप घेणारा आरसिंक त्यावर अडखळत होता. बॅकअपमधून तो फोल्डर वगळला. क्लायंटच्या डिस्कची गरजच नसल्याने एक्सआरडीपी.इनीत चॅनल्सखाली आरडीपीडीआर=फॉल्स केलं. चॅनसर्व्ह मध्येच मेला आणि ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड दिसू लागलं, तर फ्यूजरमाउंट -यू.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वेग आणि सुटलेली सेशनं.

घरच्या लाइनवरून पान सरकवताना पडदा तुकड्यांनी येत होता. एक्सआरडीपी.इनीत टीसीपी_सेंड_बफर_बाइट्स=४१९४३०४ आणि कर्नलला नेट.कोअर.डब्ल्यूमेम_मॅक्स=८३८८६०८. कर्नलची कमाल मर्यादा न वाढवता फक्त पहिलं लिहिलं तर मागितलेला बफर मिळत नाही. फरक जाणवतो, पण सर्वांत मोठा फरक कंपोझिटिंग आणि वॉलपेपर बंद केल्याने पडला.

एका तपासणाऱ्याला काल उघडी ठेवलेली फाइल आज दिसेना. त्याची दोन सेशनं चालू: डिस्प्ले १० आणि ११. लॅपटॉपवरून रंगखोली १६ बिट, घरच्या संगणकावरून जास्त. सेसमनचं डिफॉल्ट धोरण नाव आणि रंगखोली दोन्ही जुळली तरच जुनं सेशन देतं. सगळ्यांना एकच .आरडीपी फाइल दिली, सेशन बीपीपी १६. स्कॅन पानं करडी असतात, १६ बिट पुरतं.

किलडिस्कनेक्टेड=ट्रू आणि डिस्कनेक्टेडटाइमलिमिट=८६४००, म्हणजे तुटलेलं सेशन एक दिवस जिवंत. किलडिस्कनेक्टेड फॉल्स असेल तर दुसऱ्या ओळीला किंमत नाही. लोक फक्त दुसरी लिहितात. रात्रभर चालणारं टेसरॅक्ट डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये न चालवता टीमक्समध्ये (डेस्कटॉपपासून सुटं राहणारं टर्मिनल) चालवायचं. उबुंटूवर सेशन संपलं तरी टीमक्स मारला जात नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, यंत्र रिकामं. पोर्ट आणि रीबूट आजच.

राउटरवर ३३८९ थेट बाहेर उघडं होतं. ते बंद केलं, यूएफडब्ल्यू या फायरवॉलमधला नियम काढला. एक्सआरडीपी.इनीत पोर्ट=टीसीपी://.:३३८९, इथे टिंब म्हणजे फक्त १२७.०.०.१. बाहेरून येणं एसएसएच (एन्क्रिप्ट केलेली दूरची जोडणी) बोगद्यातून, किल्लीने, पासवर्डने नाही:

एसएसएच -एन -एल ३३९०:१२७.०.०.१:३३८९ नाव@यंत्र

विंडोजच्या बाजूला ३३९० घेतलं, कारण तिथे ३३८९ विंडोजचं स्वतःचं असू शकतं. लोकलहोस्ट न लिहिता आकडेच लिहायचे. लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ता असा लागला तर पलीकडे ऐकणारं कोणी नाही. बोगद्यामुळे एक्सआरडीपीच्या लॉगमध्ये सगळे १२७.०.०.१ वरूनच आलेले दिसतात, म्हणून फेलटूबॅन (वारंवार चुकणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) एसएसएचवर लावायचं. एक्सआरडीपीवर लावलं तर खरा पत्ता दिसतच नाही, अडवायचं कोणाला ते कळणार नाही.

रीबूट. समोर लॉगिन न करता बोगदा, जोडणी, फायरफॉक्स, मराठी ओळ, तोडणं, पुन्हा जोडणी: तेच सेशन, तोच डिस्प्ले १०. मग समोर ग्नोममध्ये लॉगिन आणि तीच फेरी पुन्हा. दोन्ही पार.

सोमवार, २४ फेब्रुवारी

एक्सआरडीपी रीस्टार्ट केलं की सेसमनही रीस्टार्ट होतो, आणि ०.९ मधला सेसमन चालू सेशनांची यादी फक्त आपल्या स्मृतीत ठेवतो. सेशन चालू राहतं, पण सेसमनला ते माहीत नसतं. वापरकर्ता परत आला की त्याला नवं मिळतं. लक्षण ठळक आहे: डिस्प्लेचा आकडा एकाने वाढलेला आणि लिबरऑफिस म्हणतं फाइल कोणीतरी उघडलेली आहे. तो कोणीतरी म्हणजे त्याचंच जुनं सेशन. पीग्रेप -ए एक्सऑर्गने अनाथ सेशन शोधून लॉगइनसीटीएल टर्मिनेट-सेशनने बंद करायचं, त्यातलं न साठवलेलं काम जाईल हे आधी सांगून.

म्हणून मांडणीत बदल केला तरी दिवसा रीस्टार्ट नाही. सुरक्षेच्या अपडेटमध्ये पॅकेज स्वतःच सेवा रीस्टार्ट करतं. ते अडवलं नाही. उबुंटूचा अपडेट टायमर सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान चालतो, आणि त्या वेळी कोणाचं काम उघडं राहू नये असं तपासणाऱ्यांना कळवलं आहे.

२४.०४ वर जाताना दोन गोष्टी आपोआप टिकणार नाहीत. पोलकिट तिथे .पीकेएलए वाचत नाही. कलरडी आणि पॅकेजकिटचे नियम /ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये जावास्क्रिप्टच्या रूपात लिहावे लागतील. आणि ग्नोम ४६ मध्ये ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप ही सिस्टम पातळीवरची सेवाही झाली आहे, त्यामुळे --ग्लोबल मास्कसोबत --ग्लोबल न लावता दुसरा मास्क करायचा, मग एसएसने ३३८९ कोणाकडे आहे ते पाहायचं.